वाढत्या अंगाचा कोट

१२ जानेवारी, सोमवार

त्याने पुन्हा सुटकेचा अर्ज केला आहे.

सकाळी दुकानाचं शटर वर करत होते, तेवढ्यात पोस्टमनने पाकीट हातात दिलं. समितीचं. 'कैद्याचे वय, प्रकृती आणि तुरुंगातील वर्तणूक विचारात घेता...' वर्तणूक! सात जणींना मारून बंद पडलेल्या चुनखडीच्या खाणीत फेकणाऱ्याची वर्तणूक चांगली आहे म्हणे. असणारच. तिथे त्याच्या गाडीत बसायला कोण येतंय?

पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं आणि दिवसभर औषधं विकली. चूक एकही झाली नाही. ह्या हातांकडून होत नाही.

ह्यांना जेवताना सांगितलं. ह्यांनी घास तसाच हातात धरला. मग म्हणाले, "एकाहत्तरचा झाला असेल ना आता तो?" जसं काही शाळेतल्या दोस्ताची चौकशी करतायत.

माझी लेक एकोणीसची होती. अजून एकोणीसचीच आहे. पहाटेची बस चुकली म्हणून बेकरीच्या गाडीत बसली. गाडीवाला रोज दिसणारा, पावाचा वास, उजाडायला आलेलं. कोणीही बसलं असतं. मी बसले असते.

१५ जानेवारी, गुरुवार

समितीच्या कचेरीत जाऊन नियम पुन्हा विचारून आले. कारकून तोंडातल्या तोंडात बोलतो. दोनदा म्हणायला लावलं. मेलेल्यांपैकी दोघींच्या घरच्यांनी विरोध केला तर अर्ज पाच वर्षं पुढे जातो. एकाच घरचा विरोध असेल तर त्याची 'नोंद घेतली जाते' आणि समिती स्वतःच्या मनाप्रमाणे ठरवते. मनाप्रमाणे म्हणजे सोडतात. म्हातारा कैदी सांभाळायचा कंटाळा येतो त्यांना.

सातांपैकी तिघींचीच नावं कळली. पहिलीचे आईबाप गेले, पाठीमागे कोणी नाही. दुसरीचा भाऊ मागच्या खेपेला माझ्याबरोबर होता. आज त्याला फोन केला. म्हणाला, "ताई, आता त्या विषयाचा ताप नको. बायकोला झोप लागत नाही." मी म्हटलं, बहिणीला लागली का? त्याने फोन ठेवला. मीच आधी ठेवायला हवा होता.

तिसरी माझी.

राहिल्या चौघी. अनोळखी स्त्री एक, दोन, तीन, चार. त्यांनाही आया असतील, भाऊ असतील. नावं तेवढी नाहीत. खटल्यात न्यायाधीशांनी त्याला विचारलं होतं, ह्या कोण? तो म्हणाला, "मी नावं विचारत नव्हतो." मी तिसऱ्या बाकावर होते. ते वाक्य मी रोज एकदा मनात म्हणते, सकाळच्या गोळीसारखं. चुकवत नाही.

एक नाव हवं. चौघींपैकी एकीचं. एकच.

१९ जानेवारी, सोमवार

जुनी प्रकरणं बघणारी नवी इन्स्पेक्टर भेटली. लेक गेली तेव्हा ही पाळण्यात असेल. मला काकू म्हणते. म्हणाली, "जुनी प्रकरणं म्हणजे आमच्यात शिक्षा असते, काकू. मला बढती म्हणून सांगितलंय." बरी आहे. डोळ्याला डोळा भिडवून बोलते.

चौघींची प्रेतं तेव्हाच बेवारस म्हणून पुरली. कुठे पुरली ती जागाही आता रस्त्याखाली गेली. उरलं काय, तर अंगावरचे कपडे आणि डॉक्टरने काढून ठेवलेले एकेकीचे दोन-चार दात. दातांवरून रक्ताचं नातं जुळवता येतं. त्या काळात हरवलेल्या बायकांच्या जेवढ्या घरच्यांचा पत्ता लागला, तेवढ्यांचे नमुने घेऊन झाले. एकही जुळला नाही.

मी म्हटलं, कपडे दाखवा.

"नियमात बसत नाही, काकू."

"मग नियमाला जरा सरकून बसायला सांगा."

हसली. म्हणजे दाखवणार.

२४ जानेवारी

त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणे. मोतीबिंदू. काय बघायचं राहिलंय त्याला?

२७ जानेवारी, मंगळवार

मुद्देमालाची खोली पोलीस ठाण्याच्या तळघरात. लोखंडी मांडण्या, कोपऱ्यात मोडकी सायकल, डांबरगोळ्यांचा वास. इन्स्पेक्टरने टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं आणि एकेक पिशवी उघडली. हातमोजे घालायला दिले. मी माझे आणले होते.

पहिल्या तीन पिशव्यांत मला काही कळलं नाही. स्कर्ट, चप्पल, तुटलेल्या पट्ट्याची पर्स. नुसता त्याचा राग आला. तो तर येतोच.

चौथीत कोट होता. जाड तपकिरी लोकर, मोठी बटणं, अस्तर फाटलेलं. शेजारी जुना अहवाल, चार ओळींचा: 'उंच बांध्याची स्त्री, वय अंदाजे पंचवीस. अंगात बाह्यांना नक्षीच्या पट्ट्या असलेला कोट.' डॉक्टरचं अक्षर कोंबडीच्या पायांचं, पण ते वाचण्यातच माझी हयात गेली आहे. तीन वेळा वाचलं. नक्षीच्या पट्ट्या!

बाही उलटी केली. पट्ट्या कसल्या — टक होते. कापड आत दुमडून धावदोऱ्याने धरलेलं. मनगटापासून वर एकापाठोपाठ एक तीन टक, आणि प्रत्येकाचा दोरा वेगळा. पांढरा, निळा, पिवळा. त्यांच्या खाली उसवलेल्या टाक्यांची एक रेघ, आणि तेवढ्या पट्टीतलं कापड बाकीच्या बाहीपेक्षा गडद. ऊनच न लागलेलं. कोटाच्या घेरालाही तसेच तीन.

इन्स्पेक्टर म्हणाली, त्या वेळची फॅशन असेल.

"तुला मूल आहे?"

"नाही, काकू."

"मग तुझी चूक नाही."

ज्याने अहवाल लिहिला त्याला चार असतील. पण पोरांचे कपडे कधी हातात घेतले नसतील.

वाढत्या अंगाचा कोट आहे हा! पोर दर वर्षी चार बोटं वाढणार. दर वर्षी नवा कोट कोण घेणार? मग मोठ्या मापाचा एकदाच घ्यायचा, दुमडायचा, आणि अंग भरेल तसा एकेक टक उसवायचा. दोरे वेगळे कशाला — तर एक उसवताना कात्री भलत्याच टकात जाऊ नये म्हणून. मी माझ्या लेकीच्या शाळेच्या कपड्यांना हेच केलं. सगळ्या आया करतात. पंचवीस वर्षांच्या बाईच्या कोटाला कोणी टक घालत नाही, कारण पंचवीस वर्षांची बाई वाढत नाही.

ही पोर होती. उंच होती म्हणून बाई ठरली. एक टक उसवून झाला होता. तीन उरले होते.

तीस वर्षं हे लोक एका बाईला शोधत होते!

इन्स्पेक्टरने मोबाइलवर एकेका टकाचा फोटो काढला. मला एवढंच सुचत होतं — सापडलास. आता सापडलास.

३० जानेवारी, शुक्रवार

दातांच्या डॉक्टरणीचा निरोप आला. दाढेच्या मुळांची टोकं अजून बंद झालेली नव्हती. वय तेरा ते पंधरा, त्यापुढे नाही. तेव्हा कोणी एक्स-रे काढलाच नव्हता. काढायचा कशाला? कोट मोठा, म्हणजे बाई मोठी.

३१ जानेवारी

चौदा.

३ फेब्रुवारी, मंगळवार

इन्स्पेक्टरने आता हरवलेल्या मुलींची प्रकरणं काढली आहेत, तेरा ते पंधराची. बऱ्याच आहेत, आणि बऱ्याच घरांचा पत्ता बदललेला. म्हणून कोटाचा फोटो वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर दिला. फक्त समोरून. टकांबद्दल एक अक्षर नाही. बाहीत काय आहे हे जी सांगेल तीच खरी. ही कल्पना तिची. मला पसंत पडली.

हे म्हणाले, "सापडलेच तिचे आईबाप, तर काय सांगणार आहेस त्यांना? तुमची पोर मेली, आता माझ्याबरोबर सही करा?"

म्हटलं, हो. अगदी तेच.

"त्याला मरू दे की आपोआप. दोन-चार वर्षं राहिली असतील."

"ती कुठे आपोआप मेली?"

हे उठून गॅलरीत गेले. टोमॅटोच्या रोपांना पाणी घालायला. सकाळीच घातलं होतं.

ह्यांना वाटतं मी दगड आहे. ह्यांनी आयुष्यभर कचेरीत बसून नकाशे काढले. डोंगर कागदावर सपाट करायची सवय लागली आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आठवडाभर फोन येतायत. एक म्हणते बाहीत सोन्याची साखळी शिवलेली आहे. एक गृहस्थ म्हणतात खिशात त्यांचा फोटो असणार. एकीने इन्स्पेक्टरला विचारलं, कोट परत मिळतो का, माप चांगलं दिसतंय. जग आहे.

सुनावणी १६ एप्रिलला लागली.

११ फेब्रुवारी, बुधवार

इन्स्पेक्टर धापा टाकत दुकानात आली. गिऱ्हाइकांच्या रांगेतून थेट पुढे. लांबच्या गावातून एका माणसाचा फोन आला, गॅरेज चालवतो. म्हणाला, मला काही माहीत नाही, मी तेव्हा लहान होतो. आई विचारतेय — पिवळा दोरा अजून आहे का?

मी दुकान बंद केलं. भर दुपारी. आजवर दोनदाच केलं आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

जाऊन आलो. लिहायला बसले आहे पण बोटं दुखतायत. सगळा रस्ता मूठ वळून बसले होते म्हणून.

गॅरेजच्या मागे दोन खोल्या. टायरांचे ढीग, ऑइलचा वास, आत मात्र लख्ख. बाई माझ्याहून लहान, दिसते दहा वर्षांनी मोठी. इस्पितळाच्या धुलाईखान्यात हयात गेली. हातांची कातडी उकडल्यासारखी. नवरा लवकर गेला. दोन मुलगे. मोठा भिंतीला टेकून उभा होता, धाकटा फडक्याने हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

मी तिला मनात कोटवाली म्हणते.

तिने फोटोकडे पाहिलंही नाही. सांगत सुटली. मुलगी चौदाची, ताडमाड वाढलेली. भाऊ तिला शिडी म्हणायचे. शहरात मावशीकडे बाळ सांभाळायला ठेवली होती. मावशीशी वाजलं, आणि पोर पहाटे उठून बसस्टँडकडे निघाली, घरी यायला. आली नाही. पोलिसांत गेली तर तिथला हवालदार म्हणाला, "पळून गेली असेल. उंच पोरी लवकर पळतात." हे सांगताना तिचा आवाज इतका साधा होता, की जणू भाजीचा भाव सांगतेय.

आणि मग म्हणाली, "कुठेतरी संसार करत असेल. माझ्यावर रागावली आहे. मावशीकडे मीच धाडलं ना. राग उतरला की येईल."

मोठ्या मुलाने जमिनीकडे पाहिलं. हे वाक्य त्या घरात रोज बोललं जात असणार.

इन्स्पेक्टरने कापसाची काडी काढली. गालाच्या आतून फिरवायची, बस्स, नमुना होतो. कोटवालीने ओठ घट्ट मिटले. इन्स्पेक्टरने समजावलं, मुलाने समजावलं. ती मिटल्या तोंडाने मान हलवत राहिली. शेवटी बोलली ती तोंडावर हात धरून.

"उघडलं की ती मेली."

इन्स्पेक्टर काडी परत ठेवायला लागली होती. मी खुर्ची पुढे ओढली.

"ती तीस वर्षांपूर्वीच मेली, बाई. तोंड मिटून तुम्ही तिला जगवत नाही आहात. त्याला जगवताय."

धाकटा एक पाऊल पुढे आला. कोटवालीने हात वर करून त्याला थांबवलं. माझ्याकडे बघत राहिली. मग आ केला, लहान मुलासारखा.

परत येताना इन्स्पेक्टर म्हणाली, "काकू, फार कडू बोललात."

म्हटलं, गोड औषधं मी पाच वर्षांच्या आतल्यांना देते.

२० फेब्रुवारी

अहवाल नाही.

२७ फेब्रुवारी

नाही. प्रयोगशाळेत यंत्र बिघडलंय म्हणे. फोन करून त्या माणसाला विचारलं, तुमच्या घरी टीव्ही बिघडला तर इतके दिवस थांबता का.

६ मार्च, शुक्रवार

जुळलं!

अनोळखी स्त्री चार आता कोणाची तरी लेक आहे. नाव कळलं मला. इथे लिहिणार नाही. माझ्या लेकीचंही ह्या वहीत कधी लिहिलेलं नाही. त्याने नावं विचारली नाहीत. माझ्या हातून तो ज्या वहीत आहे तिच्यात ती यायची नाहीत.

दुकानातल्या वजनकाट्यावर उभी राहिले, उगाच. वजन तेवढंच. मला वाटलं होतं उतरलं असेल.

९ मार्च, सोमवार

इन्स्पेक्टर सांगायला गेली तेव्हा मीही गेले. कोटवाली रडली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "कोट अंगात होता म्हणजे थंडी तरी वाजली नसेल." मोठा मुलगा उठून बाहेर गेला आणि गॅरेजमध्ये काहीतरी जोरजोरात ठोकायला लागला. तासभर ठोकत होता.

तिने कोट मागितला. पुरावा आहे, एवढ्यात मिळणार नाही. "बरं," म्हणाली. कोणाकडे काही मागायची सवयच नाही तिला.

इन्स्पेक्टर फोनवर बोलायला बाहेर गेली तेव्हा मी मुद्द्यावर आले. सुनावणी, नियम, दोन घरांचा विरोध. आणि मुद्दाम सगळं सांगितलं. तो कसा राहतो ते — वेळेवर जेवण, अंगावर पांघरूण, आठवड्याला डॉक्टर, डोळ्यांचं ऑपरेशन, दारात पहारेकरी, दुसऱ्या कैद्यांनी मारू नये म्हणून वेगळी खोली. तिला राग यावा म्हणून सांगितलं. राग आल्याशिवाय माणूस उभा राहत नाही, हा माझा अनुभव.

तिचा चेहरा ढिम्म. नुसतं ऐकत होती. मग म्हणाली, "मी येते, ताई."

२२ मार्च, रविवार

कोटवालीला फोनवर तयार करून घेतेय. लांबण लावायची नाही, रडायचं नाही. नाव सांगायचं, नातं सांगायचं, आणि 'माझा सुटकेला विरोध आहे' एवढं म्हणून बसायचं. तिच्याकडून चार वेळा म्हणवून घेतलं. पाचव्यांदा म्हणाली, "पाठ झालं, ताई."

हे पलीकडून ऐकत होते. म्हणाले, "तिच्या तोंडून तूच बोलतेयस." म्हटलं, मग काय बिघडलं? आवाज तिचा आहे.

ह्यांना एकदा विचारायचं आहे, तुम्हाला राग येतच नाही का. पण उत्तर 'नाही' आलं तर पुढे एका घरात कसं राहायचं, म्हणून विचारत नाही.

५ एप्रिल

पाच वर्षं म्हणजे शहात्तर. अर्जात लिहिलंय, त्याची मूत्रपिंडं आताच अर्धी गेली आहेत. आतच जाईल. माझ्या आधी जावा एवढंच.

१६ एप्रिल, गुरुवार

दगा!

जसं घडलं तसं लिहिते, नाहीतर माझा मलाच विश्वास बसायचा नाही.

लांबलचक टेबल, पलीकडे समितीचे तिघं, अध्यक्ष मध्ये. तो तुरुंगातून पडद्यावर. पांढरी दाढी, नवा चष्मा. कागदावरून वाचलं — पश्चात्ताप झाला आहे, देवाने क्षमा करावी, उरलेले दिवस शांततेत काढायचे आहेत. वाचताना ओळ चुकला आणि तीच ओळ पुन्हा वाचली. पश्चात्ताप दोनदा झाला त्याला.

मी उभी राहिले. विरोध आहे म्हटलं. बसले. आधी ठरवल्यासारखं, एका दमात.

मग कोटवाली. दोन्ही मुलगे मागच्या बाकावर, इस्त्रीच्या शर्टात. तिने नाव सांगितलं, लेकीचं नाव सांगितलं. पडद्याकडे बघत राहिली. अध्यक्ष म्हणाले, बोला. ती म्हणाली, त्याला एक विचारू का?

अध्यक्षांनी मान हलवली.

"सुटल्यावर राहायची सोय आहे का?"

तो गडबडला. मग म्हणाला, भाचा आहे, धरणाच्या वसाहतीत, शेवटच्या रांगेत घर आहे. मागची खोली देणार आहे.

"बरं," ती म्हणाली. अध्यक्षांकडे वळली. "सोडा त्याला. माझी हरकत नाही."

समितीतल्या बाईने डोळे पुसले! अध्यक्षांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाले, आजवरच्या माझ्या कामात असं मोठं मन पाहिलं नाही. पडद्यावरचा तोही रडला. मी त्याला रडताना पाहिलं, आणि तिने त्याला ते करू दिलं.

दोन घरं, दोन मतं, म्हणून अध्यक्षांनी निर्णय आठवडाभर राखून ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाले, कोणाला मन बदलावंसं वाटलं तर लेखी द्या. एका आईचा विरोध असताना त्याला सोडायला मन धजत नाही, पण विरोध उरलाच नाही तर सुटका त्याच दिवशी होईल. आवाजात मध.

बाहेर कोटवाली माझ्यासाठी थांबली होती. मी तिच्याकडे न बघता रस्ता ओलांडला आणि आली ती बस पकडली. बस भलतीकडे जात होती.

चौदा वर्षांची पोर. तीन टक उरले होते. आणि म्हणे हरकत नाही!

१७ एप्रिल

हे म्हणाले, "त्या बाईकडून शिकण्यासारखं आहे." मी ह्यांच्याशी बोलत नाही.

१८ एप्रिल, शनिवार

ती दुकानात आली. मोठा मुलगा बाहेर गाडीत बसून राहिला. मी काउंटरच्या आत, ती बाहेर. गिऱ्हाइकं होती तोवर ती बाळांच्या पावडरीच्या डब्यांकडे बघत उभी राहिली. शेवटचं गिऱ्हाईक गेलं तसं मी म्हटलं, काय हवंय?

"रागावलात, ताई."

"तुम्हाला नाव मिळवून दिलं ते ह्यासाठी?"

"नाव मिळालं म्हणून तर त्याला विचारता आलं. कुठे राहणार ते."

मी गोळ्यांची पट्टी कापत होते. कात्री थांबली.

ती तशाच आवाजात बोलत राहिली, भाजीचा भाव सांगितल्यासारखी. "तुम्हीच म्हणालात — आत पहारा, आत डॉक्टर, वेगळी खोली. कोणी हात लावू नये म्हणून. आत आहे तोवर सरकार सांभाळतंय त्याला. बाहेर कोण सांभाळणार?"

"भाचा आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"तो दिवसभर कामावर असतो. बायकोही. थोरला काल बघून आला."

एक माणूस डोकेदुखीची गोळी मागायला आला. मी दिली. बाहेर तिच्या मुलाने गाडीची काच खाली केली आणि पुन्हा वर केली.

"मुलांना बहिणीचं तोंड आठवत नाही," ती म्हणाली. "पण त्यांना खांद्यावर बसवायची, ते आठवतं. उंच होती ना, लांबचं दिसायचं." मग पदर सारखा केला. "मी तुम्हाला काही सांगायला आले नाही, ताई. तुमची लेक, तुमचा विरोध. तुम्ही काय ते ठरवा."

गेली. मी पट्टी पुरी कापली. गोळ्या बरोबर मोजल्या.

१९ एप्रिल, रविवार

इन्स्पेक्टरला सांगायला हवं. तिचा नंबर पाठ आहे. चांगली पोरगी आहे.

२० एप्रिल, सोमवार

फोन केला नाही. आज तिचाच आला होता. काकू, तुमचं दुःख कळतंय म्हणाली. मी थँक्यू म्हटलं.

२१ एप्रिल, मंगळवार

सकाळी जाऊन विरोध मागे घेतला. कारकून म्हणाला, कारण लिहावं लागतं. लिहिलं — 'दुसऱ्या आईच्या इच्छेला मान देऊन.'

ह्यांना घरी येऊन सांगितलं. ह्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "मोकळी झालीस बघ." आणि रडायला लागले.

मी त्यांना रडू दिलं.